ऑस्टिओपॅथी : पाठ, मान आणि मुलांचे पाय... कुणाला खरंच फरक पडलाय का?

पाठमोरा (धागाकर्ता)

सात महिन्यांपूर्वी सकाळी चूळ भरायला बेसिनवर वाकलो आणि कंबरेत जी उसण भरली, ती आजतागायत पुरती गेलेली नाही. पहिले पंधरा दिवस मोजे घालायलाही बायको लागायची. मग गोळ्या झाल्या, शेक झाला, कंबरेचा पट्टा झाला. एमआरआयमध्ये खालच्या दोन मणक्यांमधली गादी 'किंचित फुगलेली' निघाली. ते वाक्य वाचल्यापासून मी खाली पडलेलं पेन उचलायचंच सोडून दिलं.

शेवटी एका मित्राने ऑस्टिओपॅथकडे (सांधे-स्नायूंवर हाताने उपचार करणाऱ्याकडे) जा म्हणून सुचवलं. मला वाटलं, मालिशच असेल. गेलो तर तिथल्या बाईंचे पहिली वीस मिनिटं नुसते प्रश्न. दुखणं रात्री झोपेतून उठवतं का, वजन उतरलंय का, लघवीला अडतं का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं का, पूर्वी कधी पडलो होतो का, दिवसाचे किती तास खुर्चीत जातात. मग उभं केलं. मागून कंबरेच्या दोन खळग्यांवर अंगठे टेकवले आणि म्हणाल्या, "वाका. अडेल तिथे थांबा." मी गुडघ्यांपाशीच अडलो. नंतर उताणं झोपवून माझा एक गुडघा छातीकडे आणला. "आता माझ्या हाताला ढकला. उघडं दार लोटताना लावतो ना, तेवढाच जोर." पाच सेकंद ढकलायचं, मग सैल सोडायचं, श्वास सोडायचा, तेवढ्यात त्या गुडघा बोटभर पुढे न्यायच्या. असं चार-पाच वेळा. कडकड आवाज नाही, काही नाही. उठलो आणि मोजे स्वतः घातले.

दुसऱ्या दिवशी मात्र कुणीतरी बडवून काढल्यासारखं अंग ठणकत होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बरं. आता तीन खेपा झाल्यात. फरक आहे. पण तो त्यांच्या हातांचा, की सात महिन्यांनी आपोआपच आलेला, की "वाकायला घाबरू नका" असं त्यांनी दरडावल्याचा, हे काही मला ठरवता येत नाही. "तुमचा कटीचा सांधा अडकलाय," असंही म्हणाल्या. म्हणजे कंबरेखाली, पाठीचा कणा ओटीपोटाच्या हाडांना जुळतो तिथला. असं खरंच काही असतं का?

दुसरी गोष्ट. मुलगी सहा वर्षांची आहे. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री पाय दुखतात म्हणून रडत उठते. बायको म्हणते, तिलाही घेऊन जा. लहान मुलांना हे करतात का? करावं का?

अनुभव असलेल्यांनी लिहा. ज्यांना अनुभव नाही पण मत आहे त्यांनीही लिहा. ते तसेही लिहितातच.

---

शंकासुर

मला दुसऱ्या वर्गात घाला. अनुभव शून्य, मत भरपूर.

हे प्रकरण मुळात आलं कुठून ते आधी बघा. अँड्र्यू टेलर स्टिल नावाचा अमेरिकन डॉक्टर. १८६४ साली मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली आणि तेव्हाच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. तो का उडाला हे मला समजतं. त्या काळी डॉक्टर लोकांना सर्रास पाऱ्याची औषधं पाजत. १८७४ मध्ये त्याने आपली नवी पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात शाळा काढली. म्हणणं असं, की हाडं-सांधे जागच्या जागी नसले की रक्ताचा प्रवाह अडतो आणि तिथून रोग सुरू होतात.

१८७४ साली हे चालून गेलं. आज 'कटीचा सांधा अडकलाय' म्हणणं म्हणजे त्याचाच नातू. तो सांधा जाडजूड अस्थिबंधांनी करकचून बांधलेला असतो, हलतो तो जेमतेम काही मिलिमीटर. कपड्यांवरून, कातडीवरून, चरबीवरून अंगठा टेकवून तो अडकलाय की सुटलाय हे कळतं? एकाच पेशंटला दोघा जणांनी असं चाचपलं तर त्यांच्या निदानांचा मेळ बसत नाही, हे कितीदा तपासून झालंय.

---

ताठकणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑस्टिओपॅथ नाही. पण रोजचं काम हातांचंच, म्हणून लिहिते.

शंकासुर, सांध्याबद्दल तुमचं बरोबर आहे. 'अडकला', 'सरकला', 'जागेवर बसवला' ही भाषा आता आम्हीही टाकायला हवी. पण गोष्ट चुकीची सांगितली म्हणून हातही चुकलाच असं होत नाही. पाठमोरांना जे केलं त्याला मसल एनर्जी म्हणतात. स्नायू थोडा आवळून सोडला की पुढची काही सेकंदं तो ताण जास्त सोसतो, आणि 'इथवर गेलं तरी काही झालं नाही' हे मेंदूला कळतं. पुष्कळदा स्नायू लहान झालेलाच नसतो, मेंदूने राखण लावलेली असते. राखण थोडी सैल झाली की माणूस मोजे घालतो.

यांच्या पोतडीत बाकीही बरंच असतं. नुसतं मऊ भाग दाबणं-ताणणं. सांधा हळूहळू झुलवणं. कडक आवाज करणारा झटका. आणि मला सगळ्यात आवडणारं तंत्र म्हणजे दुखरा बिंदू शोधायचा, शरीर अशा कोनात न्यायचं की तो बिंदू दाबला तरी दुखू नये, आणि तसंच ९० सेकंद धरून ठेवायचं. लॉरेन्स जोन्स नावाच्या ऑस्टिओपॅथला हे १९५५ मध्ये योगायोगाने सापडलं. एका पेशंटला दुखण्यामुळे झोपच लागेना. त्याने फक्त जरा बरी वाटेल अशी स्थिती शोधून दिली, त्यातच पडून राहायला सांगितलं आणि निघून गेला. परत आला तर माणूस ताठ उभा.

आता पुरावा. कंबरदुखीवर बऱ्यापैकी अभ्यास झालाय, आणि तो मजेशीर आहे. १९९९ मध्ये १५५ पेशंटांच्या एका चाचणीत ऑस्टिओपॅथीवाले आणि नेहमीचे उपचार घेणारे, दोन्ही गट बारा आठवड्यांनी सारखेच बरे झाले. ऑस्टिओपॅथीवाल्यांना गोळ्या मात्र कमी लागल्या. २०१३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ४५५ जणांवर खरा उपचार विरुद्ध नुसते हात लावल्याचं नाटक असं करून पाहिलं. दुखणं निम्म्याने किंवा जास्त कमी झालेले खऱ्या गटात ६३ टक्के निघाले, नाटकाच्या गटात ४६. हा फरक खरा आहे. पण नाटकानेही ४६ टक्क्यांना बरं वाटलं, हेही विसरू नका. मग २०२१ मध्ये फ्रान्समध्ये ४०० जणांवर तसंच केलं. हालचालीतल्या अडचणींत शंभरपैकी साडेतीन गुणांच्या आसपास फरक पडला आणि दुखण्यात म्हणावा असा फरकच नाही. 

म्हणजे उपयोग शून्य नाही, पण जादूही नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखीसाठी हाताचे उपचार देण्याचा विचार करा असं म्हटलंय, पण व्यायामाच्या जोडीनेच, नुसते नाहीत. माझाही अनुभव तोच. हात फक्त दार किलकिलं करतात. आत पेशंटला स्वतःच्या पायांनी जावं लागतं.

दुसऱ्या दिवशीचा ठणका नेहमीचाच. हाताच्या कुठल्याही उपचारानंतर जवळपास निम्म्या लोकांना तो होतो आणि दोन-तीन दिवसांत जातो.

---

पाठमोरा

ताठकणा ताई, आभार. फक्त त्या फुगलेल्या गादीचं काय? ती फुगलेली असताना वाकायचं कसं?

---

ताठकणा

ज्यांची पाठ दुखत नव्हती अशा हजारो लोकांचे स्कॅन २०१५ मध्ये एकत्र करून बघितले. विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या, ऐंशीच्या घरात ८४ टक्के. गादी झिजल्याच्या खुणा विशीतच ३७ टक्क्यांमध्ये आणि ऐंशीला ९६ टक्क्यांमध्ये. केस पिकल्यासारखंच आहे ते. तुमची गादी दुखण्याआधीही फुगलेली असेल, कुणी बघितली नव्हती इतकंच.

पेन उचला.

---

निशिगंध

एक घोळ आधीच निस्तरून ठेवते, कारण माझ्या भावाशी यावरून तासभर वाद झालाय. अमेरिकेत 'डीओ' (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) ही पदवी असलेले पूर्ण डॉक्टर असतात. औषधं लिहितात, शस्त्रक्रिया करतात, भूल देतात. तिथल्या दर दहा डॉक्टरांमागे साधारण एक डीओ. त्यातले पुष्कळ जण हाताचे उपचार रोजच्या कामात करतही नाहीत. बाकी जगात बहुतेक ठिकाणी ऑस्टिओपॅथ म्हणजे फक्त हाताने उपचार करणारा. त्याला औषध लिहायचा अधिकार नसतो. त्यामुळे 'अमेरिकेत तर हे डॉक्टरच असतात' हा मुद्दा दुसरीकडच्या ऑस्टिओपॅथला लागू होत नाही.

ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घ्यायला बंदी आहे. फ्रान्सने २००२ मध्ये हे नाव कायद्यात आणलं. पण पुष्कळ देशांत असा कायदाच नाही; दोन शनिवार-रविवारांचा कोर्स केलेलाही पाटी लावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रशिक्षणाची पातळी ठरवून दिलीये. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्याला ४२०० तास, त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर. तेव्हा पहिल्याच भेटीत सरळ विचारा, किती वर्षं शिकलात, कुठे. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

---

रातराणी

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितेय. नाव-गाव काही सांगणार नाही.

मान अवघडली होती म्हणून गेले. प्रश्न दोनच विचारले. झोपवलं, डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि "सैल सोडा" म्हणता म्हणता कडाक्. मी श्वास घ्यायच्या आतच. काय करणार आहोत हे सांगितलं नाही, विचारलं तर नाहीच. घरी येईपर्यंत गरगरायला लागलं, संध्याकाळी उलटी झाली. इमर्जन्सीत जाऊन स्कॅन केला. सुदैवाने काही निघालं नाही, दोन दिवसांत उतरलं. पण त्या दोन रात्री मी डोळे मिटायला घाबरत होते. आणि त्या माणसाने पहिल्याच दिवशी माझ्यापुढे चोवीस बैठकांचं पॅकेज ठेवलं होतं, हे आता आठवलं की हसू येतं.

---

ताठकणा

रातराणी, वाईट झालं. विचारल्याशिवाय मानेला झटका देणं ही सरळ सरळ चूक आहे, मग पदवी कुठलीही असो.

मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे दोन रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. अगदी विरळा, पण आहेत. यातली गोम अशी, की चीर आधीच पडलेली असेल तर तिचं पहिलं लक्षणच मानदुखी किंवा मागच्या बाजूची डोकेदुखी असतं. माणूस तेच घेऊन झटका द्यायला लावतो. म्हणून आयुष्यात कधीच न झालेली, अचानक उठलेली मानदुखी असेल, सोबत गरगरणं, बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, गिळायला त्रास, तोल जाणं, यातलं काहीही असेल तर कुणालाही मान धरू देऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि मानदुखीला झटका लागतोच असं नाही. हळुवार तंत्रांनी आणि व्यायामाने तेवढंच साधतं. मला झटका नको, हे तुम्ही टेबलावर झोपल्यावरही म्हणू शकता.

अवांतर : तो कडक आवाज म्हणजे हाड बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. २०१५ मध्ये बोट मोडताना एमआरआय काढून हे टिपलंय. तेव्हा आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असं समजू नका.

---

शंकासुर

अवांतरात भर. डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरने साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. का, तर लहानपणी आई म्हणायची, बोटं मोडलीस तर संधिवात होईल. झाला नाही, कुठल्याच हाताला. २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. आईला खोटं ठरवायला साठ वर्षं घालवणारा माणूस मला आपला वाटतो.

---

जुनी वही

माझ्या आईचं वय ७४. पाठ सारखी दुखते. तिला चालेल का?

---

ताठकणा

आधी हाडांची घनता तपासली आहे का ते सांगा. या वयात खुर्चीवर जरा धपकन बसण्यानेही मणका दबून पिचतो, आणि घरचे 'वयोमानाने पाठ दुखते' म्हणून सोडून देतात. दुखणं एका दिवशी अचानक सुरू झालं असेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर सगळ्यात आधी एक्स-रे. हाडं ठिसूळ, रक्त पातळ करायची गोळी चालू, पूर्वी कॅन्सर, जुना आमवात, यातलं काहीही असलं तर झटका अजिबात नाही. हळुवार हात चालतो, पण डॉक्टरांना विचारून.

---

जुनी वही

दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरली होती. उद्याच घेऊन जाते.

---

निद्रानाशी आई

पाठमोरा, तुमच्या मुलीचं वाचलं आणि वाटलं, तुम्ही माझ्या घरी डोकावलात की काय!

धाकटा पाच वर्षांचा. रात्री अकराच्या सुमाराला "आई, पाय" अशी हाक. जाऊन बघावं तर अंथरुणात उठून बसलेला, दोन्ही नडग्या हातांनी धरलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, गालांवर पाणी. कुठे दुखतं म्हणून विचारलं की तळहात नडगीवरून खाली घोट्यापर्यंत फिरवतो. एका जागी बोट कधीच ठेवत नाही. मी पोटऱ्या चोळते. दहा मिनिटांत पाय माझ्या मांडीवर टाकून घोरायला लागतो. सकाळी बघावं तर कॉटवरून सतरंजीवर उड्या! पहिल्या महिन्यात मला वाटलं, शाळेत जायचं नाही म्हणून नाटक. पण नाटक करणारं पोर सकाळी करेल, रात्री अकराला कशाला?

ऑस्टिओपॅथकडे नेलं नाही. नेलं असतं तर 'तिसऱ्या खेपेपासून गुण आला' असं नक्की म्हटलं असतं, कारण पुढच्याच महिन्यात ते आपोआप कमी झालं.

---

छोटा वॉर्ड

लहान मुलांच्या विभागात बरीच वर्षं काढलीत, म्हणून थोडं सविस्तर.

निद्रानाशी आईंनी लिहिलंय ते पुस्तकात छापावं इतकं नमुनेदार आहे. याला वाढीच्या वेदना म्हणतात. नाव फसवं, मूल ज्या वयात सगळ्यात भरभर वाढतं त्याच्याशी यांचा संबंध लागत नाही. साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांत, संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पायांत, नडगी, पोटरी, मांडी किंवा गुडघ्यामागे. सांध्यात नाही. सूज नाही, लंगडणं नाही, आणि सकाळी मूल जसंच्या तसं. चोळणं, शेक, पोटऱ्या ताणणं, क्वचित वेदनाशामकाचा एखादा डोस. हे चोळणं म्हणजे हाताचाच उपचार, आणि आईबापाइतका चांगला तो कुणी करत नाही.

ज्याने माझी झोप उडते ते वेगळं. दर वेळी एकच पाय. दुखणं सांध्यात. सकाळी उठल्यावर लंगडणं किंवा सांधा आखडलेला. सूज, लाली, ताप. वजन उतरणं, चेहरा पांढरा पडणं, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग. खेळणं सोडून बसणं. पाठ दुखत असेल आणि वय चार-पाचच असेल, तर तेही. हाडांचं दुखणं हे कधी कधी रक्ताच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असतं. अशा मुलाला कुणी सहा आठवडे 'सांधा मोकळा करतो' म्हणून बोलावत राहिलं, तर हातांनी काही बिघडत नाही. गेलेले सहा आठवडे नडतात. म्हणून मुलांच्या बाबतीत माझं म्हणणं एवढंच, की उपचार कुणाचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, हे दुखणं नक्की कसलं आहे.

मोठ्या मुलांत पाठदुखी नेहमीची आहे आणि बहुतेक वेळा साधीच असते. एक अपवाद लक्षात ठेवा. जोरात गोलंदाजी करणारी किंवा जिम्नॅस्टिक्स करणारी मुलं, आणि मागे वाकलं की कंबरेत एका बाजूला कळ येते. तिथे मणक्याच्या मागच्या कमानीला ताणाने तडा गेलेला असू शकतो. त्याला विश्रांती लागते, झटका नाही.

---

चंद्रकोर

मी इथे एकटीच पडणार बहुतेक, पण लिहितेच. माझी मुलगी सव्वा महिन्याची असताना रोज संध्याकाळी सहा ते नऊ रडायची. कशालाच बधायची नाही. कवटीची ऑस्टिओपॅथी करणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी बाळाच्या डोक्याखाली हात नुसते ठेवले, अर्धा तास. दाबलं नाही, हलवलं नाही. बाळ झोपलं. चार वेळा गेलो आणि रडणं बंद. पुरावा काय म्हणतो ते म्हणो, मला माझं बाळ शांत झालेलं दिसलं.

---

शंकासुर

चंद्रकोर, बाळ शांत झालं यावर वाद नाही. पण ही कवटीवाली शाखा म्हणजे विल्यम सदरलँड नावाच्या स्टिलच्या शिष्याची कल्पना. कवटीची हाडं माशाच्या कल्ल्यांसारखी एकमेकांवर तिरपी बसलेली बघून त्याच्या डोक्यात आलं की ती श्वास घेत असणार, म्हणजे ठरावीक लयीत हलत असणार आणि ते ठोके हाताला कळत असणार. १९३९ मध्ये त्याने यावर पुस्तक काढलं. त्या तथाकथित ठोक्यांची गती दोन तपासनीसांनी एकाच डोक्यावर मोजली तर आकडे जुळत नाहीत. मग बाई अर्धा तास काय मोजत होत्या?

---

छोटा वॉर्ड

शंकासुर, जरा दमाने. त्या आईने तीन-तीन तास रडणारं बाळ कडेवर घेऊन काढलेत.

चंद्रकोर ताई, बाळांचं हे संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. माणूस मदत शोधायला बाहेर पडतो तो अगदी शिगेलाच, सव्वा-दीड महिन्याला. त्यानंतर काहीही केलं तरी उतारच आहे. थेंब, पाळणा, गाडीतून चक्कर, कवटीवरचे हात, सगळ्यांना श्रेय मिळतं. २०१२ मध्ये अशा हाताच्या उपचारांच्या सहा चाचण्या, मिळून ३२५ बाळं, एकत्र करून बघितली. रडणं कमी झाल्यासारखं दिसलं. पण ज्या चाचण्यांत आईवडिलांना कुठला उपचार झाला हे माहीत नव्हतं, तेवढ्याच घेतल्या तर तो फरक भरवशाचा उरला नाही.

तुमची फसवणूक झाली असं मी म्हणत नाही. बाळाला अर्धा तास कुणी शांतपणे धरलं, आणि तुम्हाला अर्धा तास खुर्चीत टेकायला मिळालं. ते कमी नव्हतं. फक्त एक. बाळ एकाच बाजूला मान वळवतं, डोकं एका बाजूने चपटं होतंय, तर तिथे थांबू नका. मानेचा स्नायू आखडलेला असतो आणि त्याला फिजिओने दाखवलेलं ताणणं आणि पालथं खेळवणं लवकर सुरू केलं तर छान गुण येतो.

---

चंद्रकोर

'अर्धा तास खुर्चीत टेकायला मिळालं', हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या खुर्चीतच मला झोप लागली होती, दुसऱ्या खेपेला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शंकासुरांवरचा राग मात्र राखून ठेवतेय.

---

शंकासुर

राग रास्त आहे. माफ करा.

---

निशिगंध

डोकेदुखीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. माझी मायग्रेन जुनी. मान-खांदे मोकळे करून घेतले की दोन दिवस हलकं वाटतं, मायग्रेन उठण्याच्या वेळा कमी झाल्यात असं मात्र नाही.

---

ताठकणा

तसंच असतं बहुधा. ताणाच्या डोकेदुखीत मानेवर काम करून बरं वाटतं, मायग्रेनवरचा पुरावा तोकडा आहे. तुम्हाला एकच विचारते, महिन्यातले किती दिवस गोळी घेता? साधी वेदनाशामक पंधरा दिवस किंवा जास्त, मायग्रेनची खास गोळी दहा दिवस किंवा जास्त, असं तीन महिने चाललं तर गोळीच डोकं दुखवायला लागते. मग मान कितीही चोळा.

---

निशिगंध

मोजलं. चौदा. मायग्रेनच्याच. डॉक्टरांची वेळ घेते.

---

पाठमोरा

धागा वर काढतोय, दीड महिन्याने. खबरबात देणं भाग आहे.

एकूण पाच खेपा झाल्या. पाचव्या वेळी त्या बाईच म्हणाल्या, "आता येऊ नका. चाला, आणि हे तीन व्यायाम करा. पुन्हा धरली तर घाबरू नका, पुन्हा सुटेल." मी धीर करून तो कटीच्या सांध्याचा प्रश्न विचारला, खरंच अडकला होता का. त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्हाला तसं शिकवलंय. पेशंटला पटकन कळतं म्हणून मीही तसंच बोलते. पण तुम्ही घाबरून ताठ झाला होतात, हे जास्त खरं." शंकासुरांनी नोंद घ्यावी. ताठकणा ताईंनीही.

रोज चाळीस मिनिटं चालतो. बसून राहिलो की दुखते, हललो की कमी होते. पुरती गेलेली नाही, पण मी तिच्याकडे बघणं कमी केलंय.

मुलीला बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. छोटा वॉर्ड यांची यादी मी फोनमध्ये लिहून नेली होती. त्यांनी एकेक करून सगळं विचारलं, सांधे हलवून पाहिले, तिला खोलीभर पळवलं, टाचांवर चालवलं, लंगडी घालायला लावली. काही नाही. वाढीच्या वेदना. अजून रात्री अधूनमधून उठते. आळीपाळीने पोटऱ्या चोळतो. तिच्या कॉटशी खाली बसून, पुढे वाकून, अर्धवट झोपेत हे करावं लागतं. ते करताना माझी कंबर दुखते की नाही याकडे लक्ष द्यायचं परवा विसरूनच गेलो.

---

जुनी वही

आईचा एक मणका दबलेला निघाला. औषध सुरू झालंय. ताठकणा ताई, थँक्यू.

---

शंकासुर

पाठमोरा, त्या पट्ट्याचं काय केलंत?

---

पाठमोरा

मुलीने बाहुलीचा झोपाळा केलाय. कपाटाच्या दोन मुठींना बांधून.